सातने भाग गेला

मावशीचा चष्मा पोलादी दाराशी पडलेला दिसला आणि फौजदार भाचीने तो झटकन उचलला. चष्म्याशिवाय मावशीला स्वतःचा हातही धड दिसत नसे.

मावशीने शोधलेल्या कुलपाची चाचणी या दारावर चाले. आतली खोली अशी, की मुंगीलाही श्वास मिळू नये. दार लागलं की वर एक आकडा उमटे: कुठल्या तरी संख्येचा वर्ग, अधिक एक. त्याचा सर्वांत मोठा मूळ अवयव दाबला, की दार उघडे. आत्ता आकडा होता १०००१.

“मावशीला शेवटचं कधी पाहिलंत?”

“दुपारी, घरी निघाल्या तेव्हा.” कंपनीचा मॅनेजर मान पुसत होता. “खुशीत होत्या. म्हणाल्या, कुलपाच्या एका आकड्याला आज सातने भाग गेला!”

“हे दार उघडा.”

“कालपासून बंद आहे. उत्तर काढणारं यंत्रच बिघडलंय. माणूस उद्या येईल.”

“आणि कुलपाच्या विक्रीचा करार?”

“आज संध्याकाळी.”

भाचीने दारावर थापा मारल्या. आतून चकार शब्द नाही. ती भयंकर घाबरली होती. तिने पेन काढलं आणि तळहातावरच भागाकार मांडायला घेतले. पाच. तेरा. सतरा. एकोणतीस.

“तीन, सात, अकरा राहिले की,” मॅनेजर म्हणाला.

“ते लागतच नाहीत.” घामाने शाई पसरत होती, तरी ती थांबली नाही. “एक ते सातचे वर्ग घ्या, एकेक मिळवा. दोन, पाच, दहा, सतरा, सव्वीस, सदतीस, पन्नास. जातो कुणाला सातने भाग? पुढे त्याच बाक्या फिरून येतात. पाढ्यांच्या वयात मावशीने हे माझ्याकडून घोकून घेतलंय. ती तसं बोलणंच शक्य नाही. तुम्ही थाप मारलीत, कारण ती घरी निघालीच नाही.”

मॅनेजर जिन्याकडे सरकला. भाचीसोबत आलेल्या हवालदाराने त्याची कॉलर धरली.

सदतीस. एक्केचाळीस. त्रेपन्न. एकसष्ट. त्र्याहत्तर! नि:शेष. भागाकार आला १३७. भाचीने तोच दाबला.

दार उघडलं. मावशी भिंतीला टेकून निपचित पडली होती. भाचीने तिला ओढून बाहेर घेतलं आणि तिची छाती हलताना पाहून ती लहान मुलीसारखी रडली.

बऱ्याच वेळाने मावशीचे डोळे उघडले. “यंत्राने उघडलंस?”

“नाही. तळहातावर.”

मावशीने मॅनेजरकडे बोट दाखवलं. “हेच सांगत होते याला. माझं कुलूप कच्चं आहे, माझी भाचीसुद्धा हातावर उघडेल, विकू नकोस. म्हणून आत ढकललं मेल्याने.”