पाहुणीची पाहुणी

वाळलेले कपडे काढायला निल्मिनी मागच्या अंगणात गेली, तेव्हा नुकती दिवेलागण होत होती. काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. केळीच्या रोगांचा अभ्यास करायला ती श्रीलंकेहून लोणखेड्याच्या कॉलेजात आली होती आणि तापीकाठच्या एका गावात हेमकांत पाटलांच्या घरी राहत होती. आपला भार यजमानांवर पडू नये म्हणून फार जपून वागायची. भांडी विसळायची, घरच्या छोट्या गायत्रीची वेणी घालायची, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी ताट स्वच्छ करून उठायची. पुण्यात शिकलेल्या मराठीवर तिचं भागत होतं. गायत्री तिला घरातली अहिराणी शिकवायची.

शेवटचा टॉवेल ओढला, तोच केळीच्या बागेकडून हाक आली.

"बहीन... पानी दे ना."

कुंपणापलीकडे एक बाई उभी होती. पदर तोंडावर ओढलेला. गाळाचा कुबट वास येत होता. शेतावरून परतणारी मजूर असेल, असं वाटून निल्मिनीने तांब्या भरून दिला. बाईने तो घटाघट रिकामा केला.

"मझार येऊ का?"

मझार म्हणजे आत. आपल्याला कळलं म्हणून निल्मिनी हसली. "या ना."

तिने फाटक उघडलं. पलीकडे कुणीच नव्हतं. ओल्या पावलांचे ठसे मात्र तिच्या शेजारून गेले होते... थेट स्वयंपाकघरात.

त्याच संध्याकाळी गायत्री तापली. शहाद्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, औषधं दिली, ताप हटेना. घरी आणल्यावर तर पोरीचे केस ओले राहू लागले. कितीही पुसले तरी उशी भिजायची आणि खोलीत गाळाचा वास भरून राहायचा. ग्लानीत ती कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवल्यासारखी कुशीवर वळायची.

शेवटी निल्मिनीने हेमकांतांच्या बायकोला, हेमांगीवहिनींना, सगळं सांगितलं. वहिनींनी पोरीचे ओले केस पदराने पुसले.

"ती सोनम... मन्ही देरानी, धाकटी जाऊ. गायत्रीची आई. तापीत बुडाली. तेव्हापासून हाक मारते. आम्ही कुणी ओ देत नाही. तुला सांगायला हवं होतं... पाहुण्या माणसासमोर लाज वाटली गं."

"मी तिला जा म्हणते, वहिनी! आत्ता म्हणते!"

दाराशी उभे असलेले हेमकांत हळूच म्हणाले, "घरात बोलावून घेतलेल्याला जा म्हणून कुठे पाठवणार? तिला दुसरं घर कुठे आहे?"

वहिनींनी एकदम निल्मिनीचे पाय धरले. "तूच तिले बलावं, आते तूच ली जाय, घेऊन जा तिला... पोरगी जाईल गं मन्ही!"

निल्मिनी हादरली. या घराला आपला त्रास नको म्हणून जपलं, आणि आपणच हे काय आणून ठेवलं? गायत्रीचा श्वास आता घशात घरघरत होता. विचार करायला सवड नव्हती. तिने बॅग भरली, पलंगापाशी येऊन हात जोडले.

"सोनमताई, माझं चुकलं. हे घर माझं नव्हतं, तरी मी तुम्हाला आत बोलावलं. माझं घर आहे, समुद्राकाठी. तिथे चला... पोरीला सोडा."

खोलीतला वास हलला. मागे न बघता ती निघाली. भर उन्हात डावा खांदा गारठला होता. शहाद्याच्या स्टँडवर ती नंदुरबारच्या बसमध्ये चढली, तोवर तो गारठा सोबत होता. बस प्रकाशा गावाजवळचा तापीचा पूल ओलांडत असताना मात्र तो एकाएकी गेला. सोनम परत पोरीकडे गेली की काय, या भीतीने ती हुंदके देत रडली.

तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "ताप उतरला, बाई! उठून बसली. जेवायला मागते..." मग त्या अडखळल्या. "पण मधूनच काय बोलते, आम्हाला कळत नाही. तूच ऐक."

फोनवर गायत्री आली. ती अस्खलित सिंहली बोलत होती, अगदी निल्मिनीच्या गावच्या हेलात.

"माझी आई पोहोचली," ती आनंदाने म्हणाली. "तुझ्या आईने आत्ताच तिला दार उघडलं."