यादीत न दिलेला स्विच

"तुमची खुर्ची माझ्या बोटांवर आहे."

टेबलाखालून आवाज आला आणि मी किंचाळलेच! वाकून पाहिलं, तर एक अनोळखी माणूस माझ्या संगणकाची वायर धरून गुडघ्यांवर बसलेला.

"ही जाते कुठे?"

"भिंतीत. आणि तुम्ही आलात कुठून?"

"दारातून," तो बोटं चोळत म्हणाला. "तुमचंच लक्ष नव्हतं."

तो आमच्या इस्पितळात नेटवर्कचा नकाशा बसवायला आला होता. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक यंत्राचा, म्हणजे संगणकाचा आणि संगणक एकमेकांना जोडणाऱ्या स्विचचा, एक ठिपका. चालू असेल तर हिरवा, बंद पडलं की लाल. इथले संगणक मीच सांभाळायचे, इमारतीतल्या वायरी मला तोंडपाठ, म्हणून यादी मी द्यायची, ठिपके त्यानं मांडायचे. आठ दिवसांचं काम. मग तो दुसऱ्या गावी.

पाचव्या दिवशीच मला ते आठ दिवस कमी वाटू लागले. तो शिडी धरायचा, मी छतातली वायर शोधायची. धूळ पडली की तो डोळे मिटायचा, आणि मी त्याच्या पापण्यांकडे बघत राहायचे...

"सापडली का?"

"शोधतेय," मी म्हणायचे. वायर हातातच असायची!

आठव्या दिवशी म्हटलं, "अहो, औषधभांडारातला स्विच राहिलाच की!" दहाव्या दिवशी आणखी एक आठवला.

"तुम्हाला हप्त्याहप्त्यानं आठवतं वाटतं?" तो हसला.

मी लाजले... आणि रक्ततपासणीच्या खोलीतला स्विच उद्यासाठी राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नेमका तोच बंद पडला. नकाशावर त्याचा ठिपकाच नव्हता, स्क्रीन हिरवीगार, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. अर्धा तास रिपोर्ट वॉर्डात पोहोचेनात. शेवटी सिस्टर कागद घेऊन धापा टाकत तीन मजले धावल्या. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण दोष माझा होता. ज्याला मी प्रेम म्हणत होते, त्यानं मला समोरचं आजारपणही दिसू दिलं नव्हतं.

मी सरळ त्याच्याकडे गेले. "तो स्विच मला माहीत होता. मुद्दाम सांगितला नाही. तुम्ही... जाऊ नये म्हणून."

मग त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"हा प्रोग्राम यंत्रं आपणहून शोधतो. पहिल्याच दुपारी सगळी सापडली होती. तुमच्या तिन्ही स्विचसकट."

"मग मांडली का नाहीत?"

"तुम्ही लपवताय, हे कळलं... आणि मला ते आवडायला लागलं. चूक माझीच मोठी."

हसावं की रडावं?

"चला साहेबांकडे," मी म्हटलं. "पाप दोघांचं, तर बोलणीही दोघांनी खायची."

साहेबांनी यथेच्छ झापलं. "खेळ वाटला का? माणसं आजारी आहेत इथे!" आम्ही खाली मान घालून ऐकलं. संध्याकाळपर्यंत शेवटचा ठिपका मांडला, तीनदा तपासला. नकाशा पूर्ण झाला.

तो बॅग भरू लागला. माझ्याजवळ आता एकही सबब उरली नव्हती.

"ऐका ना..."

"आणखी काही राहिलं?"

"काम काहीच राहिलं नाही. मला तुम्ही हवे आहात, बस."

बॅगेची चेन अर्ध्यावर थांबली.

"तिकडचं काम महिन्याचं आहे," तो हळूच म्हणाला. "ते बुडवणार नाही."

"बुडवूच नका."

"महिन्यानं आईला घेऊन तुमच्या घरी येतो. परवानगी कुणाची घ्यायची?"

"थोरल्या काकूची, तिनंच वाढवलंय मला. पण आधी... माझी."

"मग? आहे?"

"आहे," म्हणत मी त्याची बॅग उचलली आणि त्याला गाडीपर्यंत पोहोचवायला निघाले.