शंभराच्या पुढच्या बागा

नवल माझ्यासमोर पहिल्यांदा आला तो भांडायलाच! पिंप्राळ्यातल्या आमच्या ऑफिसात, हेल्मेट हातात, चेहरा उन्हानं लालबुंद. दोन वर्षं फोनवर ऐकलेला आवाज... माणूस असा देखणा असेल असं वाटलं नव्हतं.

“मॅडम, माझ्या बागा कुठं गेल्या?”

“खिशात बघा,” मी म्हणाले. माझी जीभ अशीच आहे मेली.

केळीची कुठली बाग कापणीला कधी येईल, याचा अंदाज आमची कंपनी काढते. हिशेब क्लाउडवर होतो. तिथून बागांची यादी कोडनं मागवायची मी, आणि बागांच्या नोंदी आणायचा नवल. चोपड्याकडं बांधाबांधानं फिरून त्यानं एकशे सत्तेचाळीस बागा नोंदवल्या होत्या. काल पहिली यादी छापली, तिच्यात शंभरच.

“तुम्ही पाठवल्याच नसतील,” मी ठसक्यात म्हटलं.

तो मग हळूच म्हणाला, “धुळ्याला नोकरी मिळतेय. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. इथलं काम मातीतच गेलं असेल, तर... जातो मग.”

अगं बाई, त्याचे डोळे भरले होते! “बसा हो,” म्हटलं, “परत बघते.”

यादीचं उत्तर मी पहिल्यांदाच तळापर्यंत वाचलं. तिथं एक लांबलचक खूण होती — पुढचं हवं असेल तर ही दाखवून पुन्हा मागा. क्लाउडची सेवा एका वेळी शंभरच नावं देत होती, आणि मी दीडशहाणी तिथंच थांबत होते!

दोन ओळी वाढवल्या. खूण पाठवली... आणि नावं उतरायला लागली. एकामागून एक!

“झुलाल आबा,” नवल उठून माझ्या खुर्चीमागून वाकून वाचू लागला, “यांनी मला जेवल्याशिवाय कधी सोडलं नाही. सुगंधाबाई... पाय प्लास्टरात, तरी बागेत आल्या. लोटनभाऊ...”

मला त्या नुसत्या ओळी दिसायच्या. याला त्यातलं एकेक माणूस पाठ होतं.

“बठ्ठा शेतस!” तो ओरडला. “सगळे आहेत!”

“चूक माझीच होती,” मी म्हणाले. “धुळ्याला नाही म्हणून कळवा.”

“हे कंपनी सांगतेय... की तुम्ही?”

“कंपनीला कुठं काय माहितीय? मी सांगतेय. जाऊ नका ना, नवल...”

मग त्यानं तिथंच फोन लावला.

“साहेब, मला नाही जमणार यायला,” तो म्हणाला. “इथं माझं माणूस आहे.”