खालून येणारी टकटक

दाराला कडी घातलीस का? घाल, आणि इकडे सरकून बस. ही गोष्ट ऐकीव नाही, माझ्या साडूवर गुदरलेली आहे. तो रुग्णवाहिका चालवायचा. भुताखेतांवर काडीचाही विश्वास नसलेला माणूस.

साथीची दुसरी लाट. बुधवारची रात्र, सव्वादोन वाजलेले. दवाखान्यात एक खाट रिकामी झाली आणि सिस्टरनं त्याच्या हातात यादी ठेवली. वय, जुने आजार, घरी बघायला कोण, असं सगळं पाहून रोज नंबर लावायचे. पहिला नंबर एका निवृत्त मास्तरांचा. मूत्रपिंडं अधू, घरात एकटे.

"आता कुणाचा फोन आला तरी घेऊ नका," सिस्टर म्हणाली. "सरळ मास्तरांकडे."

साडूनं मान खाली घातली. संध्याकाळी सातला तो मास्तरांकडेच निघाला होता. वाटेत दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचा फोन आला, "आधी माझ्या भाच्याला घे." भाचा मोबाइलवर बोलत, स्वतःच्या पायांनी गाडीत चढला. तेव्हाची खाट त्याला गेली.

साडूनं गाडी पिटाळली. दुमजली घर. गल्लीत वीज गेलेली. दार नुसतं लोटलेलं आणि आतून आवाज...

टक. टक. टक.

"मास्तर, आलो हो!"

आवाज थांबला.

साडूनं टॉर्च लावला. मास्तर खाटेवर उताणे. त्यानं हात धरला. गार. बोटं ताठरलेली. केव्हाच गेलेले.

तो खाटेशेजारी बसला. "चुकलो, मास्तर..."

टक.

डोक्यावर. अगदी डोक्यावर.

टॉर्च वर करायचा धीर झाला नाही. उठला. उंबऱ्यापर्यंत आला...

टक टक टक टक.

घाईघाईनं. रागावल्यासारखं.

वर कुणीतरी आहे, त्याला वाटलं. यादीतला पुढचा पेशंट वाट बघतोय. जावं? पण संध्याकाळी एकदा मास्तरांना सोडून दुसरीकडे गेलो होतो... तो जिना चढला.

वरच्या भाडेकरणीनं सरपटत येऊन दार उघडलं. आठवा महिना. नवरा परगावी अडकलेला. ओठ निळे पडलेले. तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

"तुम्हीच ठोकत होता ना, ताई?"

"मी? नाही..." तिला धाप लागली होती. "खालून... नऊपासून. डोळा लागला की टकटक. झोपूच देत नाहीत मास्तर."

साडूनं तिथूनच सिस्टरला फोन लावला.

"आधी तिला आणा," सिस्टर म्हणाली. "दोन जीव आहेत. यादीचं मी बघते."

बाई वाचली. बाळही वाचलं. डॉक्टर म्हणाले, झोप लागली असती तर ती उठली नसती.

उजाडताना डॉक्टरांना घेऊन साडू मास्तरांकडे परत गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि वेळ लिहिली... अंदाजे रात्री आठ.

तेव्हा कुठे साडूनं वर पाहिलं. खाटेच्या बरोबर वर छताचा गिलावा उडालेला. नाण्याएवढ्या गोल खुणा, एकीला लागून एक. त्यानं सगळं घर धुंडाळलं. छतापर्यंत पोचेल असं काही नव्हतं.

आणि तो पांढरा भुगा... मास्तरांच्या मिटलेल्या पापण्यांवर साचलेला. जाड. कुणीही न पुसलेला.