‘पण’च्या पुढचं

प्रयोगशाळेच्या दारात दोघांची टक्कर झाली. तिच्या हातात बर्फाचा पेला, त्याच्या हातात फळ्यावर वापरायचा लाकडी कंपास. दोघंही शिक्षक व्हायला शिकत होते, ती विज्ञानाची, तो गणिताचा. आणि सराव पाठासाठी दोघांना चुकून एकच वर्ग, एकच तास लावला होता.

"तू घे आधी," तो म्हणाला. "माझं वर्तुळ... काही वितळणार नाही."

तेव्हापासून ते एकमेकांच्या पाठाला मागच्या बाकावर बसू लागले. सोबत्यांनी तिचं नाव ठेवलं एक्सप्रेस, त्याचं मालगाडी. ती प्रश्न विचारी आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकी. त्याची वाक्यंसुद्धा तीच पुरी करी. तो नुसता हसे.

मार्गदर्शक बाईंनी एकदा तिला बाजूला घेतलं. "उत्तर तुला येतं, हे वर्गाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वर्गाला येतं का, हे तुला कधी कळणार?"

वर्ष सरत आलं. एका दुपारी जिन्यात तो म्हणाला, "मामाच्या गावच्या शाळेत नोकरी मिळतेय. शनिवारी कळवायचंय. पण मला..."

"जा की," ती म्हणाली. "चांगली शाळा आहे. विचार कसला करतोस?"

तो नुसती मान हलवून जिना उतरून गेला. त्या रात्री ती जेवली नाही. आईने विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

शुक्रवारी तिचा परीक्षेचा पाठ होता. बर्फाच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमले. हे पाणी कुठून आलं, तिने विचारलं. वर्ग चिडीचूप. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. मागच्या बाकावरून त्याने ओठांवर बोट ठेवलं. तिने खडू मुठीत आवळला आणि थांबली.

"पेला गळतोय, बाई," एक मुलगी म्हणाली.

साधं पाणी भरलं तेव्हा कसा गळला नाही, म्हणून दुसरीने तिचं म्हणणं खोडून काढलं. मग वर्गात चांगलीच जुंपली, आणि पाणी हवेतलं आहे, हे शेवटी मुलांनीच शोधून काढलं. मार्गदर्शक बाई समाधानाने मान डोलावत होत्या.

नंतर ती पेला धूत असताना तो शेजारी येऊन उभा राहिला.

"जिन्यात तू ‘पण’ म्हणालास," ती म्हणाली. "पुढे काय होतं?"

नळ ठिबकत राहिला. तिने ओठ दातांखाली घट्ट धरले.

"पण मला जायचं नाहीये," तो म्हणाला. "इथेही गणिताची जागा आहे. तू जर... म्हणजे आपण दोघं जर—"

"हो."

"वाक्य तरी पुरं करू दे."

"कर की," ती म्हणाली. "उत्तर बदलणार नाही."