वेंडेलचा मासा

जुलैमधल्या शनिवारी हॉलक्रॉफ्टच्या तळ्यावर मासे धरायला जाणारा माणूस एक तर हौशी असतो, नाही तर वेडा. माझा नवरा वेंडेल दोन्ही होता. उन्हाळ्यात या डोंगरातल्या तळ्यावर अशी झुंबड उडते की पाणी कमी आणि होड्या जास्त. रबरी हंस, मोठ्याने गाणी लावून फिरणारे तराफे, फळीवर उभ्याने वल्ही मारणाऱ्या मुली आणि त्यांच्या पुढ्यात बसलेली कुत्री. या सगळ्यातून वाट काढत आम्हां दोघांच्या दोन कायक, एकेका माणसाच्या निमुळत्या होड्या, चालल्या होत्या, पाठीमागे ट्राउट माशांसाठी गळ ओढत.

"शहाणी माणसं ऑक्टोबरात येतात," मी म्हटलं.

"शहाण्या माणसांना संधिवात नसतो," वेंडेल म्हणाला. "ऑक्टोबरात माझे गुडघे घरीच राहतात."

मांडीवर टर्कीचं सँडविच उघडून तो त्यातली काकडी हळूच पाण्यात टाकत होता. मला दिसत नाही असा त्याचा समज होता. इतकी वर्षं संसार करून काकडी कुठे जाते हे बायकोला कळत नसेल, असं फक्त नवऱ्यांनाच वाटतं.

मी जमीन मोजणारी बाई. निवृत्त होईपर्यंत या जिल्ह्यातले रस्ते, कुंपणं आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं मीच मोजली. अंतराच्या बाबतीत माझी नजर मला फसवत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो तो मला हेच ऐकवत आला की पाण्यावर अंदाज चुकतो.

गर्दीच्या तळ्यावर आम्ही सगळे एक रीत पाळतो. मोठा मासा लागला की माणूस ओरडतो, "लागला!" मग आसपासच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळायच्या आणि बाजूला व्हायचं. त्याच्या वाटेत यायचं नाही, त्याच्या दोरीजवळ जायचं नाही, न बोलावता जाळी घेऊन मदतीला तर मुळीच धावायचं नाही. दुसऱ्याच्या माशात हात घालणं आमच्याकडे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखं आहे. हुल्लडबाज पोरंसुद्धा एवढं पाळतात.

सँडविच संपायच्या आत वेंडेल ओरडला, "लागला!"

त्याच्या गळाची काठी वाकून कमान झाली होती. मी दोरी गुंडाळली आणि बाजूला झाले. आजूबाजूच्या होड्याही सरकल्या. कुणी तरी गाणी बंद केली.

ट्राउट कायकला ओढतो, यात नवल नाही. हलकी होडी आणि ताकदीचा मासा, तेव्हा थोडी फरफट व्हायचीच. मग मासा दमतो. शिवाय तो डावीउजवीकडे पळतो, खाली बुडी मारतो, मध्येच उलटा वळतो. वेंडेलची दोरी नाकासमोर सरळ ताणलेली होती आणि कायक एका चालीने चालली होती, दावं धरून गाय गोठ्याकडे न्यावी तशी.

"काय आहे रे?" मी ओरडले.

"पाणबुडी दिसतेय!"

लोक हसले. तराफ्यावरचा एक जण म्हणाला, "आजोबा, सोडू नका हं!"

बराच वेळ गेला. होड्या पुढे दुभंगत होत्या आणि वेंडेल मधून जात होता. मी मागून सावकाश वल्हवत होते.

"पुरे की आता! आण वर!"

"मी नाही खेळवत त्याला, लोरेटा." त्याचा आवाज बदलला होता. "दोरी सैल सोडलीय मी. सगळी सोडलीय. तरी ओढतंय."

"मग काप ना!"

त्याने सुरी काढली आणि दोरी कापली. काठी फटकन सरळ झाली. कापलेलं टोक त्याच्या खांद्यावर येऊन पडलेलं मी पाहिलं.

कायक थांबली नाही.

त्याने वल्हं उलटं मारायला सुरुवात केली. वल्ह्याभोवती पाणी फेसाळलं, पण चाल रेसभरही कमी झाली नाही. मी दातओठ खाऊन वल्हवू लागले. आमच्यात विजेच्या दोन खांबांमध्ये असतं तेवढं अंतर होतं. हात भरून येईपर्यंत वल्हवलं, तरी तेवढंच राहिलं. शेवटी दम लागून मी थांबले.

अंतर तरीही तेवढंच राहिलं.

पलीकडची पाइनची झाडं त्याच्यामागून सरकत होती, म्हणजे तो पुढे जात होता. मी जागच्या जागी होते. असं होऊ शकत नाही हे मला इतर कुणापेक्षा जास्त कळतं.

"लोरेटा, ये ना गं! कुणाला तरी बोलाव!"

"अडवा त्याला!" मी किंचाळले. "त्याची होडी धरा कुणी तरी!"

पुढे फुगवलेल्या ट्यूबमध्ये एक कुटुंब तरंगत होतं. बाप मुलांना म्हणाला, "सरका रे, सरका. काकांना मासा लागलाय."

"मासा नाहीये! दोरीच नाहीये त्याला!"

फळीवरची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही इतक्या जवळ जाऊ नका ना. तुटेल त्यांची दोरी." त्या क्षणी मी तिला बुडवली असती.

वेंडेल दोन्ही हात वर करून ओरडत होता. लोकांनीही हात वर केले, शिट्ट्या वाजवल्या. मग तो खडकाच्या सुळक्याआड गेला.

सुळक्यामागे पाणी थोडं आत शिरतं. तिन्ही बाजूंनी उभा कडा, बाहेर पडायला दुसरी वाट नाही. मी पोचले तेव्हा कड्याखालच्या वाळूच्या पट्ट्यावर एक बाई मुलांना कलिंगड कापून देत होती.

"इथून कुणी गेलं?"

"गेले ना. छान मासा लागलाय त्यांना."

"कुठे गेले?"

तिने सुरी धरलेला हात सरळ कड्याकडे केला. मग तिलाच ते विचित्र वाटलं असावं. तिने हात खाली घेतला आणि मुलांना जवळ ओढलं.

शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाच्या, लोकांनी तळं बंद केलं. पाणबुडे उतरले, तळाचा शोध घेणारी यंत्रं फिरली. उन्हाळ्यात भर दिवसा रिकामं तळं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वल्हं नाही, चप्पल नाही, काही मिळालं नाही. त्यांच्यातला डेप्युटी पर्सेल, आमच्याच गावचा, स्वतःही मासे धरणारा, टोपी काढून म्हणाला, "बाई, खालचं पाणी फार गार आहे. काही जण वर येतच नाहीत."

मग तळं पुन्हा उघडलं. गर्दी लोटली. मी धक्क्यावर ट्रुडीच्या दुकानात बसले होते. होड्या भाड्याने देणारी ट्रुडी माझी जुनी मैत्रीण. मी काही खात नाही म्हणून ती करवादत होती. एवढ्यात बाहेर कुणी तरी म्हणालं, "ते बघा, लागलाय त्यांना!"

होड्या बाजूला झाल्या. मधल्या मोकळ्या पाण्यातून वेंडेल चालला होता.

"ट्रुडी, तो बघ!"

"कोण गं?"

"वेंडेल! त्याची टोपी बघ!"

ट्रुडीने डोळे बारीक केले. "असल्या टोप्या मीच विकते, राणी. अर्ध्या तळ्याच्या डोक्यावर आहेत." आणि तिने मला घट्ट मिठी मारली. तिला रडू येत होतं, माझ्यासाठी.

पर्सेलला मी हात धरून आणलं. तो मोटरबोट घेऊन निघाला. वेंडेल बराच दूर असताना त्याने इंजिन बंद केलं, थोडा वेळ नुसता थांबला आणि परत आला.

"तो दुसराच कुणी आहे, बाई. मजेत आहे."

"बोललात त्याच्याशी? तोंड पाहिलंत?"

"मासा लागलाय त्याला. जवळ कसा जाणार?" बूट घालून कुणाच्या पलंगावर चढायला सांगितल्यासारखा चेहरा केला त्याने.

"तो ओरडत नव्हता?"

पर्सेल पायांकडे बघू लागला. "ओरडत होता. मोठा मासा लागला की सगळेच ओरडतात."

तेव्हापासून मी रोज जाते. पहाटे तळं रिकामं असतं, तेव्हा तो नसतो. पावसाळी दिवशी चार होड्या असल्या तरी नसतो. गर्दी जमली की कुठून तरी "लागला!" ऐकू येतं आणि होड्या दुभंगतात. दर आठवड्याला माणसं नवीन. प्रत्येक जण त्याला एकदाच बघतो, हात हलवतो आणि घरी जाऊन त्या चिवट म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. आमच्यातलं अंतर तेवढंच, विजेच्या दोन खांबांमधलं.

सुरुवातीला मी लांबून घरच्या गोष्टी ओरडून सांगायची. छप्पर गळतंय. तुझी बहीण येऊन गेली. तोही उत्तर द्यायचा. "जेवलीस का?" असं एकदा विचारलं त्याने. एकदा म्हणाला, "थंडी वाजतेय. घरी ने ना मला." मी त्या दिवशी कायकमध्ये बसून हमसून हमसून रडले. शेजारच्या तराफ्यावरून कुणी तरी मला थंड सोडा देऊ केला.

ऑगस्टमध्ये तो बोलेनासा झाला.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, इकडच्या कामगार दिनाच्या सुट्टीला, आमचा उन्हाळा संपतो. दुसऱ्या दिवशी तरंगते धक्के उचलतात, होड्या गाड्यांवर चढतात. मग गर्दी नाही. गर्दी नाही, तर तो नाही. ट्रुडीच्या मी अक्षरशः पाया पडले, अजून थोडे दिवस उघडं ठेव म्हणून.

"कोण येणार गं इथे?" ती म्हणाली. "आणि तू किती दिवस अशी करणार?"

त्या सोमवारी पाणी दिसत नव्हतं इतकी माणसं होती. मी त्याच्यामागे न जाता आधीच सुळक्यापाशी जाऊन, त्याच्या वाटेतच कायक आडवी लावून बसले. आज तो माझ्याकडे येणार होता.

"लागला!" कुठे तरी आवाज उठला.

होड्या दुभंगल्या. तो आला.

या वेळी अंतर कमी होत होतं. निम्मं राहिलं. त्याहून कमी. त्याचा चेहरा दिसू लागला. तो वाळला नव्हता, भिजला नव्हता. ओठांच्या कडेला सँडविचचा कण होता.

"वेंडेल, हात दे!"

लोक हात हलवत होते. तो हसून प्रत्येकाला हात करत होता. डावीकडे, उजवीकडे. कापलेली दोरी काठीवरून लोंबत होती.

मी हात पुढे केला. माझी बोटं त्याच्या होडीच्या टोकाला लागणार, इतक्यात त्याने माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, सौजन्याने.

"बाई, जरा बाजूला होता का?" तो म्हणाला. "मासा लागलाय."

आणि मी बाजूला झाले.