पोरीशिवाय आलेला मामा

आमच्या पाळणाघराच्या दारावर सकाळी माझी सून उभी राहते. त्या दिवशी तिची दाढ सुजली, म्हणून धाकटी उभी राहिली. धाकटी म्हणजे माझी शेवटची लेक. सुजली एक दाढ, पण तिनं काय काय घडवलं बघा.

आठच्या ठोक्याला एक उंच माणूस आला. भुवयांवर पीठ, डोळ्यांत झोप, कडेवर चार वर्षांची भाची. हा बेकरीत रात्रपाळीला, भट्टीवर कामाला. बहीण नर्स, शिकायला चार महिने परगावी गेलेली, म्हणून भाची मामाच्या गळ्यात; रात्री तेवढी शेजारीण सांभाळायची. पोरीला सगळे चिमटी म्हणायचे, आणि ती नावाला जागायची.

आमची सकाळची रीत ठरलेली. चपला फळीवर, दप्तर खुंटीवर, कपाळाला हात लावून ताप बघायचा, हात साबणानं धुवायचे, वहीत वेळ लिहून मोठ्यांनी सही करायची. ही रीत मी बसवली आहे. भल्याभल्यांना ती मोडता आली नाही.

धाकटीनं चिमटीच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही. पण मामांच्या कपाळाला पीठ आहे."

"ते... कामाचं आहे, ताई."

"हात धुवा."

"मी?"

"तुमच्या हातचं पीठ दप्तरावर, दप्तरावरचं खुंटीवर, खुंटीवरचं आमच्या आईच्या डोक्यात. धुवा बघू."

पोरांसाठी बसवलेलं ते बेसिन त्याच्या गुडघ्याला लागत होतं. बिचारा कमरेत वाकून, पाच पोरांच्या रांगेत उभा राहून हात धूत होता. धाकटी हसली नाही, तिनं वहीत तोंड घातलं. पण तिचे कान मला दिसले... लालबुंद.

सुनेची दाढ बरी झाली, तरी धाकटी दारावरून हलेना. "वहिनीला आराम हवा," म्हणाली. वहिनीवर एवढी माया तिला सात वर्षांत आली नव्हती.

त्याचंही तेच. पोर सोडायचं काम दोन मिनिटांचं, त्याला पंधरा लागायला लागली. चपलेचा एक पट्टा, मग दुसरा पट्टा, मग बाटलीचं झाकण घट्ट आहे का... शेवटी चिमटी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मामा, जा ना आता. मला खेळायचंय."

तिसऱ्या आठवड्यात त्यानं 'ताई' म्हणणं सोडलं. आमच्याकडे सगळे आईबाप ताईच म्हणतात, टक्कल पडलेलेसुद्धा. हा मात्र नुसता खाकरायचा. "हं... हिला जरा खोकला आहे."

"हिला, का तुम्हाला?" धाकटी विचारायची.

माणूस 'ताई' म्हणताना अडखळायला लागला की आईनं जागं व्हावं. मी झाले.

"दारातले पालक दारातच राहतात," मी तिला बजावलं. "लोक विश्वासानं लेकरं सोपवतात. उद्या म्हणतील, म्हातारीनं पाळणाघर काढलंय की लेकीची सोयरीक जमवायला बसलीय."

"मी काय केलं?"

"अजून केलं नाहीस म्हणूनच सांगतेय."

दुसऱ्या दिवसापासून दारावर मी, आणि धाकटी आत बेसिनजवळ. रोज मला सात उत्तरं देणारी पोर मुकाट्यानं लेकरांचे हात धुवायला लागली. बेकरीवालाही दोन मिनिटांत सही करून जायला लागला. रीत अगदी चोख चालली होती, आणि ती मला बघवेना.

चार महिने सरले. शेवटच्या सकाळी त्यानं सही केली, एकदा आत पाहिलं. "येतो, आजी," म्हणाला आणि गेला. आत नळ नुसता वाहत होता. पाण्याच्या थेंबासाठी पोरांना रागावणारी माझी लेक तो बंद करायला विसरली होती.

सोमवारी आठला पाहते तर हा दारात. खांद्यावर चिमटीचं दप्तर, गळ्यात तिची बाटली. वही ओढली, चिमटीचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली. मग शेजारी खाली पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

"पोर कुठाय?" मी विचारलं.

"तिच्या आईकडे. तिच्या घराजवळच्या शाळेत... आजपासून." तो स्वतःच्याच सहीकडे बघत राहिला. "भट्टीवरून घरी गेलो, दप्तर राहिलं होतं ते उचललं... आणि पाय इकडेच आले."

"पायांवर ढकलू नका. तोंडानं बोला."

"तुमच्या मुलीला काहीतरी विचारायचं होतं, आजी. पण दारात तुम्ही असता. आणि आता तर यायला कारणही उरलं नाही."

मागे चार पालक कान टवकारून उभे. ज्यांच्या तोंडाला मी भीत होते, तेच. भ्यायचं तरी किती दिवस?

"मी अडवते ते पालकांना," मी त्या चौघांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तुम्ही आता कुणाचेच पालक नाही." आणि आत हाक मारली, "अगं, हात पुसून बाहेर ये."

धाकटी आली. हात पुसले नव्हते.

"मी..." तो म्हणाला. "सगळ्यांची सकाळ होते तेव्हा माझी झोपायची वेळ असते. पण तुम्ही दिसल्याशिवाय मला... दिवस संपल्यासारखा वाटत नाही. तुम्हाला चालणार असेल तर... लग्न..."

"झोपेत बोलताय का?" धाकटीनं विचारलं.

"नाही."

"डोळे मिटतायत."

"डोळे मिटतायत. मी जागा आहे."

"घरी जा, झोपा," धाकटी म्हणाली. आवाज कडक होता, पण कान पुन्हा लालबुंद. "पाचला शेवटचं पोर जातं. तेव्हा तोंड धुऊन या. नदीपर्यंत चालत जाऊ. तिथे पुन्हा विचारा, न अडखळता."

"आणि उत्तर?"

"उत्तर हो आहे. पण विचारायचं पुन्हा."

रांगेतले एक बाबा म्हणाले, "आम्हाला उशीर होतोय हो," आणि जागचे हलले नाहीत.

धाकटी आत वळली, तेव्हा मी मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा पाहिला असता, तर आईला शोभेल असं काहीतरी रागावून बोलावं लागलं असतं, आणि तेवढा राग त्या सकाळी माझ्याकडे नव्हता.